दुखावलेला अवयव व त्याचा धनी

घुग्घुस हें नांव घेतलें कीं चंद्रपूर जिल्ह्याची माहिती असलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम कोळसा उभा राहतो. वर्धा नदीच्या आसमंतांतील ही भूमि. तिच्या पोटांतून कोळसा निघतो, तिच्या पाठीवरील भट्ट्यांतून सिमेंट व लोखंड निघतें, आणि हें सारें वाहून नेणाऱ्या मालमोटारींची रांग रात्रंदिवस चालू असते. या उद्योगांचें भांडवल कोणतें, असें विचारल्यास कोणी यंत्रें म्हणेल, कोणी पैसा म्हणेल. परंतु ज्याच्या घरची चूल रोजच्या हजेरीवर पेटते, त्या मजुराचें भांडवल म्हणजे त्याचे दोन हात व दोन पाय. पूर्वेकडे गडचिरोलीच्या अरण्यांत गेलें तरी हिशेब तोच राहतो. मोहफुलें वेंचावयाचीं तर वांकावें लागतें. तेंदूचीं पानें तोडावयाचीं तर रानोमाळ चालावें लागतें. धानाची रोवणी करावयाची तर दिवसभर चिखलांत उभें राहावें लागतें. अशा मुलखांत हातापायाची मोठी इजा ही एका मनुष्याची व्यथा न राहतां साऱ्या घराची आपत्ति होते.

आणि इजेचीं निमित्तें तर पावलोपावलीं आहेत. यंत्राच्या पट्ट्यांत हात सांपडतो, मालमोटारीच्या चाकाखालीं पाय चेंगरतो, रात्रपाळीहून परततांना मोटारसायकल घसरते. रानांत अस्वलाच्या पंजानें दंड फाटतो. पुढील घटना बहुधा ठराविक असतात. जखमी मनुष्यास चंद्रपुरास नेतात. इजा फार मोठी असल्यास नागपूर गांठतात. शस्त्रवैद्य हाड बसवितात, सळई घालतात, मांडीची त्वचा काढून जखमेवर लावतात, किंवा प्राण वांचविण्यासाठीं अवयव काढून टाकतात. कांहीं दिवसांनीं मनुष्य घरीं येतो. त्याच्या हातांत औषधांची चिठ्ठी आणि पुन्हां येण्याची तारीख असते. घरच्यांस व शेजाऱ्यांस वाटतें, उपचार संपला. आतां फक्त वाट पाहावयाची.

वास्तविक उपचाराचा लांब भाग येथेंच सुरू होतो. त्या दिवसापासून पुढें वर्ष-दोन वर्षें त्या अवयवाजवळ चोवीस तास राहणारा मनुष्य एकच असतो, आणि तो म्हणजे त्या अवयवाचा धनी. शस्त्रवैद्याची भेट महिन्यांतून एकदां झाली तरी पुष्कळ. व्यायामोपचारकाची भेट आठवड्यांतून तासभर मिळाली तर भाग्य. उरलेल्या सर्व वेळीं तो पाय कसा ठेवावा, किती हलवावा, कोणत्या दुखण्यास भ्यावें व कोणत्यास भिऊं नये, मन खचल्यास काय करावें, हें त्या धन्यास कोणीं शिकविलें आहे काय? बहुतेक वेळां या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असेंच येतें. आणि म्हणूनच क्ष-किरणांच्या चित्रांत हाड सांधलेलें दिसत असतां मनुष्य मात्र खाटेवरच खिळून राहिला आहे, असें दृश्य गांवोगांव दिसतें.

या गोष्टीचा कसोशीनें शोध अमेरिकेंत घेतला गेला. पायास भयंकर इजा झालेल्या ५६९ रुग्णांवर आठ मोठ्या केंद्रांतील वैद्यांनीं दोन वर्षें लक्ष ठेविलें व आपले निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध केले. त्यांचा मूळ प्रश्न शस्त्रक्रियेचा होता: असा चिरडलेला पाय अनेक शस्त्रक्रिया करून वांचवावा, कीं आरंभींच कापून कृत्रिम पाय लावावा? उत्तर अनेकांच्या अपेक्षेबाहेरचें आलें. दोन वर्षांअखेर दोन्ही प्रकारच्या रुग्णांची स्थिति जवळजवळ सारखीच होती. पाय कापलेल्यांपैकीं ५३ टक्के व पाय वांचविलेल्यांपैकीं सुमारें ४९ टक्के लोक कामावर परतले होते. म्हणजे सर्व साधनें हाताशीं असतांहि सुमारें निम्मे लोक दोन वर्षांनंतर कामाबाहेरच होते.

मग चांगल्या व वाईट परिणामांत फरक कशानें पडला? संशोधकांनीं दिलेली यादी विचार करण्यासारखी आहे. गुंतागुंत होऊन पुन्हां रुग्णालयांत जावें लागणें, शिक्षण कमी असणें, दारिद्र्य, विम्याचा अभाव, धूम्रपान, भरपाईच्या दाव्याची दगदग, आधार देणाऱ्या माणसांचा तुटवडा, आणि 'हें माझ्या हातून होईल' या विश्वासाची उणीव: ज्यांच्या वांट्यास या गोष्टी आल्या त्यांची गति खुंटली. या यादींतील पुष्कळ गोष्टी शस्त्रवैद्याच्या सुरीच्या टप्प्यांत येत नाहींत. कांहीं समाजाच्या हातीं आहेत, आणि कांहीं खुद्द दुखावलेल्या मनुष्याच्या.

स्वसामर्थ्यावरील या विश्वासास मानसशास्त्रांत स्वतंत्र स्थान आहे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं त्याची उपपत्ति मांडली. हा विश्वास म्हणजे फुशारकी नव्हे, आणि 'सर्व कांहीं ठीक होईल' असा भाबडा आशावादहि नव्हे. एखादें ठराविक काम आपणांस जमेल असें वाटणें, एवढाच त्याचा अर्थ. बंडुराच्या मतें तो चार वाटांनीं येतो. लहानसें काम स्वतः करून तें साधलें म्हणजे येतो. आपल्यासारख्याच दुसऱ्यास तें साधतांना पाहिलें म्हणजे येतो. ज्याच्या शब्दावर भरंवसा आहे अशानें धीर दिला म्हणजे येतो. आणि आपल्या शरीराच्या खुणांचा अर्थ नीट कळूं लागला म्हणजे येतो. याचा अर्थ असा कीं, हा विश्वास जन्मजात देणगी नसून शिकविण्याजोगी विद्या आहे.

ती शिकविण्याची रीतहि सिद्ध झालेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत केट लॉरिग या विदुषीनें प्रथम संधिवाताच्या व पुढें इतर जुनाट व्याधींच्या रोग्यांसाठीं वर्ग चालविले. सहा आठवडे, दर आठवड्यास अडीच तास. वर्ग चालविणारे बहुधा डॉक्टर नसत. तीच व्याधि अंगावर काढलेलीं, थोडें शिक्षण दिलेलीं साधीं माणसें असत. अवयव गमावलेल्यांच्या मंडळांतूनहि असेच वर्ग घेण्यांत आले. त्यांचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. नुसत्या भेटीगांठीं करणाऱ्या मंडळांच्या तुलनेनें या वर्गांतील लोकांत खिन्नता कमी आढळली, हालचालींतील अडचणी कमी आढळल्या व स्वतःवरील विश्वास अधिक आढळला. याच रीतीस स्वव्यवस्थापनाचें शिक्षण म्हणतात.

नांव नवें असलें तरी महाराष्ट्रास ही कल्पना परकी नाहीं. पहिल्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांस हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था १९१७ सालीं स्थापन झाली. ती पुढें खडकीस आली. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं व्यवसायोपचाराची भारतांतील पहिली शाळा निघाली, ती जन्मानें अमेरिकन व विवाहानें निंबकरांच्या मराठी घरांत आलेल्या कमलाबाई निंबकर यांच्या खटपटीनें. व्यवसायोपचार म्हणजे रोग्यास कामांत गुंतवून त्याचा हात त्याच्याच हातानें बरा करण्याची विद्या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतहि पुढें तिचें शिक्षण सुरू झालें.

सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांचें उदाहरण तर सर्वविश्रुत आहे. सैन्यांत मुष्टियुद्ध खेळणारा हा जवान १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाला व कमरेखालीं पांगळा झाला. उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यांत उतरला. आणि १९७२ सालीं हायडलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडासामन्यांत पन्नास मीटर पोहण्यांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. अशा सामन्यांतील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. येथें ध्यानांत घेण्याची गोष्ट पदकाहून निराळी आहे. गेलेल्या शक्तीची वाट पाहत बसण्याऐवजीं उरलेल्या शक्तीचा हिशेब मांडला गेला, आणि तो रोज मांडला गेला.

परंतु घुग्घुसकरांस दूर जाण्याचें कारण नाहीं. याच जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं उभारलेलें आनंदवन आहे. त्यांच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. कुष्ठरोगानें ज्यांचे हातपाय झिजले होते, त्यांनींच तेथें विहिरी खणल्या, शेती पिकविली, घरें बांधलीं. १९६४ सालीं निघालेल्या आनंद निकेतन महाविद्यालयाच्या इमारतीसहि त्यांचेच हात लागले. बोटें नसलेल्या तळव्यानें हत्यार कसें धरावें, हें तेथें पुस्तकांतून शिकविलें गेलें नाहीं. एकानें युक्ति काढली, दुसऱ्यानें ती पाहिली, तिसऱ्यानें ती सुधारली. बंडुराच्या चार वाटांपैकीं दुसरी वाट ती हीच.

कुष्ठरोगाच्याच क्षेत्रांतील आणखी एक धडा येथें उपयोगी आहे. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४८ च्या सुमारास या रोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बोटें रोगानें सडून गळत नाहींत. संवेदना गेल्यामुळें तीं भाजतात, कापतात, आणि मनुष्यास तें कळतच नाहीं. निजलेल्या रोग्यांचीं बोटें रात्रीं उंदीर कुरतडीत. त्यासाठीं रोग्यांस मांजरें पाळावयास दिलीं गेलीं. यावरून रोज संध्याकाळीं आपले हातपाय डोळ्यांनीं तपासण्याचा नियम रूढ झाला. चेंगरलेल्या पायांतील मज्जातंतु तुटून ज्याचें पाऊल बधिर झालें आहे, त्या खाणकामगारासहि हा नियम तितकाच लागू आहे. ज्या अवयवास वेदना सांगतां येत नाहीं, त्याचें गाऱ्हाणें डोळ्यांनीं ऐकावें लागतें.

आतां प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टींकडे वळूं या. पहिली गोष्ट धोक्याच्या खुणांची. प्लॅस्टर घातलेल्या हाताच्या वा पायाच्या वेदना औषधानेंहि कमी न होतां वाढत जाणें, बोटें निळीं, पांढुरकीं वा थंड पडणें, मुंग्या येणें किंवा बधिरता येणें, प्लॅस्टरमधून दुर्गंधि वा पू येणें, ताप चढणें, पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागणें, दम लागणें: यांपैकीं एकहि गोष्ट दिसतांच सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. मोडलेल्या हाडावर बांबूच्या कामट्या आवळून बांधण्याची चाल अजून खेड्यांत आहे. बांधणी फार घट्ट बसली तर रक्ताचा पुरवठा बंद पडून बरा होण्याजोगा हात कापावा लागतो. हाड मोडल्यानें जाणारे हात थोडे. आवळल्यानें जाणारे हात टाळतां येण्याजोगे. स्वव्यवस्थापन म्हणजे वैद्यास रजा देणें नव्हे. वैद्याकडे केव्हां धांव घ्यावी हें ओळखणें, हा त्याचा पहिला पाठ आहे.

दुसरी गोष्ट स्थितीची. दुखावलेला अवयव छातीच्या पातळीहून उंच ठेविल्यास सूज उतरते. खाटेखालीं लोंबत ठेविल्यास वाढते. वैद्यानें मनाई केली नसेल तर प्लॅस्टरबाहेरचीं बोटें दर तासास हलवावीं. गुडघ्याखालीं पाय कापलेल्या मनुष्यास उशी घेऊन गुडघा वांकवून निजणें सुखाचें वाटतें. परंतु तें सुख फार महाग पडतें. गुडघा वांकलेल्या स्थितींतच आंखडतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाहीं. म्हणून गुडघा सरळ ठेवावा, आणि वैद्याच्या अनुज्ञेनें दिवसांतून दोन-तीनदां कांहीं वेळ पालथें निजावें, म्हणजे कंबरेचा सांधाहि आंखडत नाहीं. उरलेल्या खुंटास पट्टी गुंडाळावयाची ती इंग्रजी आठच्या आंकड्याच्या वळणानें, टोंकाशीं घट्ट व वर जातांना सैल. उलट केल्यास टोंकाशीं सूज सांचते. ही पट्टी दिवसांतून अनेकदां सोडून पुन्हां बांधावी लागते, आणि तें काम परिचारिकेच्या भरंवशावर न ठेवतां धन्यानें स्वतः शिकावें हेंच इष्ट.

तिसरी गोष्ट चालण्याची. कुबडीचें वरचें टोंक बगलेच्या दोन-तीन बोटें खालीं असावें आणि भार बगलेवर न देतां हाताच्या तळव्यांवर द्यावा. नाहींतर बगलेंतील मज्जातंतु दाबला जाऊन पायाबरोबर हातहि लुळा पडावयाचा. एकच काठी वापरावयाची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावी. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं. कृत्रिम पाय लावणाऱ्यानें आणखी एका शत्रूस ओळखून असावें, आणि तो म्हणजे चंद्रपूरचा उन्हाळा. खोबणींत घाम सांचतो, त्यांत धूळ मिसळते व कातडी सोलली जाते. पाय अधूनमधून काढून खुंट कोरड्या फडक्यानें पुसणें, मोजा बदलणें, रात्रीं साबणानें धुऊन पूर्ण कोरडा करणें आणि आरशांत खालची बाजू पाहणें, एवढ्या चार गोष्टींनीं पुष्कळ जखमा टळतात. १९६८ च्या सुमारास जयपूर येथें डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं तयार केलेला पाय या देशांत इतका चालला, याचें कारण तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवें बसणाऱ्या व चिखलांत उतरणाऱ्या माणसाचा विचार करून घडविला होता. परंतु पाय कितीहि चांगला असला तरी त्याच्या आंतील कातडी धन्याचीच असते.

चौथी गोष्ट विडी-सिगारेटची व तंबाखूची. धूम्रपानानें हाड सांधण्यास अधिक काळ लागतो व जखमेंत जंतुदोष होण्याचा संभव वाढतो. खाटेवर पडलेल्या मनुष्याची करमणूक म्हणून मित्र जी विडी पुढें करतात, ती त्याच्या मोडक्या हाडाची वैरीण असते.

यानंतरचा भाग मनाचा, आणि तोच अधिक कठीण. समजा, एखाद्या कामगाराचा पाय मोडून तीन महिने झाले आहेत व वैद्यानें पायावर भार देण्याची परवानगी दिली आहे. 'मला पूर्वीसारखें चालावयाचें आहे,' असें तो म्हणतो. ही इच्छा योग्य असली तरी ती योजना नव्हे. स्वव्यवस्थापनाच्या वर्गांत त्यास असें विचारतात: या आठवड्यांत नेमकें काय करणार? किती? केव्हां? आठवड्यांतून किती वेळां? तो उत्तर देतो: जेवणापूर्वीं सकाळ-संध्याकाळ, आठवड्यांतून पांच दिवस, अंगणाच्या फाटकापर्यंत काठीनें जाऊन येणार. पुढचा प्रश्न: हें जमेल असा भरंवसा दहापैकीं किती? तो सात किंवा त्याहून अधिक असल्यास योजना पक्की. पांच असल्यास योजना लहान करावयाची. पुढच्या बैठकींत तो काय झालें तें सांगतो. जमलें असल्यास पल्ला वाढतो. जमलें नसल्यास कोणी रागें भरत नाहीं, अडचण कोणती तें सर्व मिळून शोधतात. फाटकाजवळ निसरडें असेल, दुपारचें ऊन असेल, शेजाऱ्यांपुढें लंगडत जाण्याची लाज असेल. ऊन टाळण्यास वेळ बदलतां येते. लाज टाळण्यास पहिले चार दिवस सोबती घेतां येतो.

वेदनेसंबंधींहि शिकण्यासारखें पुष्कळ आहे. आंखडलेला सांधा हलवितांना ताण बसतो, तो थोड्या वेळानें निवतो. हें दुखणें कामाचें. जें दुखणें रात्रभर राहतें, सुजेसह वाढतें, तें थांबण्याची सूचना देतें. ज्या दिवशीं बरें वाटतें त्या दिवशीं भरमसाट चालावें आणि पुढचे तीन दिवस खाटेवर काढावे, ही सर्वसाधारण चूक. त्याऐवजीं बऱ्या व वाईट दोन्ही दिवशीं ठरलेलेंच अंतर चालणें हितकर. नसलेल्या पायाची वेदना ही तर अनेकांस भयभीत करणारी गोष्ट. पाय गेला असतांहि त्याचीं बोटें दुखतात, आणि मनुष्यास वाटतें आपणांस वेड लागलें, किंवा भुताची बाधा झाली. या दोहोंपैकीं कांहींच खरें नसतें. मेंदूंत त्या पायाचा नकाशा शिल्लक असतो, त्याचा हा परिणाम. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत यावर आरशाचा प्रयोग दाखविला: शाबूत अवयवाचें प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागीं दिसेल असा आरसा ठेवावयाचा व शाबूत अवयव हलवावयाचा. सर्वांस नसला तरी कांहींस यानें आराम पडतो.

खिन्नता, झोप उडणें, अपघाताचीं स्वप्नें पडणें, चिडखोरपणा, दारूकडे ओढ, ह्या गोष्टी मोठ्या इजेनंतर अनेकांत दिसतात. त्या भित्रेपणाच्या खुणा नव्हेत. त्या आठवडे न आठवडे टिकल्यास, किंवा जगणें नको असें बोलणें तोंडीं येऊं लागल्यास, सुजलेल्या पायासाठीं जसें रुग्णालयांत जातात तसेंच मनाच्या वैद्याकडे गेलें पाहिजे.

येथें घरच्या माणसांविषयीं एक शब्द आवश्यक आहे. या भागांतील घरोघर, नवरा कुबडीकडे हात नेतो न नेतो तोंच, 'तुमी उठू नका जी, मी आनून देतो,' असें म्हणणारी गृहिणी पाण्याचा पेला घेऊन येते. तिच्या मायेबद्दल शंका नाहीं. परंतु महिनाभर प्रत्येक पेला हातीं येत गेला म्हणजे उठण्याचें कारणच उरत नाहीं, आणि उठण्याचें कारण गेलें म्हणजे उठण्याची शक्तिहि जाते. तिनें पेला न आणतां माठापर्यंतची वाट मोकळी करून ठेवावी, ओली जमीन पुसावी, आणि तो परत येईपर्यंत धीरानें थांबावें. ही माया अधिक कठीण व अधिक गुणकारी. आणि दुखावलेली खुद्द गृहिणीच असेल तर घरानें उलट बाजूस लक्ष द्यावें. तिला कोणी उठूं नको म्हणत नाहीं. हाड सांधण्यापूर्वींच ती चुलीपाशीं बसलेली असते. तिच्या विश्रांतीचे दिवस वैद्यानें सांगावे आणि घरांतील पुरुषांनीं ते पाळावे.

पोटाचा प्रश्न मात्र धीराच्या शब्दांनीं सुटत नाहीं. कामावर झालेल्या इजेची भरपाई हा कामगाराचा हक्क आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें एका आंगठ्याची हानि ही कमाईच्या शक्तींतील तीस टक्क्यांची हानि धरिली होती. तेव्हांपासून हा हक्क या देशांत मान्य झालेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यान्वयें, नोकरींत असतां अपंगत्व आलेल्या मनुष्यास सरकारी आस्थापनेस काढून टाकतां येत नाहीं व त्याचा दर्जाहि उतरवितां येत नाहीं. तें काम त्यास जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणींत दुसरें काम द्यावें लागतें. म्हणून अपघाताची नोंद, रुग्णालयाचे कागद व क्ष-किरणांचीं चित्रें एका पिशवींत जपून ठेवणें, हाहि स्वव्यवस्थापनाचाच भाग समजावा. मात्र एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. 'पाय सुधारला तर भरपाई कमी होईल' या भीतीनें व्यायाम पुढें ढकलणारे लोक असतात. भरपाई एकदांच येते व संपते; आंखडलेला गुडघा जन्मभर राहतो. दावा कागदांनीं लढावा, पायानें लढूं नये.

मग घुग्घुससारख्या गांवीं काय करतां येईल? मोठ्या इमारतीची गरज नाहीं. शाळेचा एखादा वर्ग, समाजमंदिर किंवा कामगार संघटनेची खोली पुरे. आठवड्यांतून एक ठराविक वार. आठ-दहा जखमी माणसें व त्यांच्याबरोबर घरचें एकेक माणूस. वर्ग चालविण्यास असा मनुष्य पाहावा, जो स्वतः या वाटेनें जाऊन पुन्हां कामास लागला आहे. त्यास चंद्रपूरच्या वा नागपूरच्या व्यायामोपचारकांनीं थोडें शिक्षण द्यावें व महिन्यांतून एकदां येऊन पाहून जावें. पहिल्या बैठकींत धोक्याच्या खुणा, दुसरींत सूज व स्थिति, तिसरींत चालणें, चौथींत वेदना व झोप, पांचवींत घर व मन, सहावींत काम व हक्क. प्रत्येक बैठकीच्या आरंभीं मागील आठवड्याचा हिशेब, अखेरीस पुढील आठवड्याची योजना. लिहितां न येणाऱ्यानें भिंतीवरील दिनदर्शिकेंत रोज एक टिंब काढलें तरी रोजनिशीचें काम भागतें.

या मार्गाच्या मर्यादाहि स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वर्गांत बसल्यानें तुटलेला मज्जातंतु जुळत नाहीं, गेलेला पाय उगवत नाहीं, आणि प्रत्येकाची वेदनाहि जात नाहीं. कांहीं जणांस जुनें काम पुन्हां कधींच करतां येत नाहीं. त्यांनीं नवें काम शिकणें हाच त्यांचा बरे होण्याचा मार्ग होय. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, स्वावलंबनाचा उपदेश दोषारोपाचें हत्यार होतां कामा नये. ज्या मनुष्यास रुग्णालयापर्यंत जाण्यास बसचें भाडें नाहीं, ज्याच्या घरीं दोन वेळचें अन्न नाहीं, त्यास 'तुझ्याच मनांत जोर नाहीं' असें सुनावणें हा अन्याय आहे. अमेरिकेंतील त्या शोधानें विश्वासाबरोबर दारिद्र्याचेंहि नांव घेतलें होतें, हें विसरतां येत नाहीं. शस्त्रवैद्यानें, मालकानें, सरकारनें व शेजाऱ्यांनीं आपापला वांटा उचलल्यावर जो वांटा उरतो, तोच तेवढा दुखावलेल्या मनुष्याचा. परंतु तो वांटा दुसऱ्या कोणासहि उचलतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

शेतकरी बैलास स्वतः पाजतो, त्याचा खूर स्वतः उचलून पाहतो, पोळ्याच्या आदल्या दिवशीं त्याचे खांदे शेकतो. कारण वर्षभराचें काम त्या खांद्यांवर आहे हें तो जाणतो. कष्टकऱ्याच्या हातापायांवरहि साऱ्या घराचा भार असतो. ते दुखावले असतां त्यांची तितक्याच जाणतेपणानें निगा कशी राखावी, हें शिकण्याची सोय त्याच्या गांवींच झाली, तर चंद्रपूर-नागपुरास शस्त्रवैद्यांनीं वांचविलेले पाय घुग्घुसच्या रस्त्यावरून खरोखर चालूं लागतील.